वॅगनआर २००९ : पाच महिने, ४,२०० किमी आणि ते काळं बटण

जूनमध्ये कोरेगावहून आणलेली एमएच-११ वॅगनआर आता ६८,३०० किमीवर आहे. घेतली तेव्हा ६४,१०० होती. आकडा खरा असावा, कारण क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा अजून बोटाला लागतात. खूप पळालेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होतं. एक लाख पाच हजार दिले. रीपासिंग २०२४ लाच झालेलं, म्हणजे २०२९ पर्यंत ती कटकट नाही. गंज फक्त मागच्या दाराखाली.

चावी देताना गुरुजी (आधीचे मालक, रिटायर्ड शिक्षक) म्हणाले, "स्टिअरिंगखाली काळं बटण आहे बघा. घाट लागला की दाबायचं." मी मान डोलावली. तिथंच विचारायला हवं होतं.

पहिल्याच रविवारी आई, बायको आणि दोन्ही पोरांना घेऊन कासला निघालो. यवतेश्वरचा घाट निम्मा चढतोय तोवर तापमानाचा काटा एचकडे (गरम). बटण दाबलं, फॅन घोंगावायला लागला, काटा मात्र खाली येईना. शेवटी बॉनेट उघडून चाळीस मिनिटं कडेला बसलो. आईनं डबा तिथंच सोडला. आणि याच गाडीचा काटा पुण्याला जाताना सपाटीवर सी (थंड) सोडायला तयार नसायचा. ॲव्हरेज ११. घाटात तापते, हायवेला गारठते! महिनाभर डोकं खाजवलं.

मिस्त्रींनी हाउसिंगचे बोल्ट काढले आणि हसायलाच लागले. "आवो, ह्यात थर्मोस्टॅटच न्हाय की!" कधीतरी गाडी तापली असणार, कुणीतरी तो काढून फेकला. सेन्सर गेला, तर फॅनला डायरेक्ट वायर ओढून बटण बसवलं. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी. खरं दुखणं होतं चोकअप झालेला रेडिएटर, त्याला कुणी हातच लावला नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, साधारण ८२ अंशापर्यंत बंद राहतो, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो नसला की पाणी पहिल्यापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पुरतं तापत नाही आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) थंड इंजिनाच्या हिशोबानं जादा पेट्रोल सोडत बसतो. ११ चं ॲव्हरेज तिथून आलेलं. जुना रेडिएटर एका हातात, नवा दुसऱ्या हातात धरून बघितला, तर वजनातच फरक कळत होता. जुना उलटा केला, नुसता विटकरी गाळ. फरशीवरचा डाग अजून गेलेला नाही.

रेडिएटर, थर्मोस्टॅट, सेन्सर, होज, कूलंट, मजुरी सगळं मिळून ७,४००. कूलंटमध्ये या वेळी डिस्टिल्ड वॉटर घातलं, बोअरला नमस्कार. त्याच दिवशी टायमिंग बेल्टही बदलला, टेन्शनरसकट. या १०६१ सीसी इंजिनाला बेल्टच आहे, पुढच्या के१० इंजिनासारखी चेन नाही. शेवटचा कधी बदलला ते गुरुजींना आठवेना, आणि आठवत नसेल तर बदललेला नाही असंच मी धरतो. पेट्रोलचे रबरी पाइपही नवे टाकले, कारण ई२० मधलं (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. आपला उसाचा जिल्हा, तक्रार तरी कुणाकडे करायची!

मागचे शॉकअप राहिलेत. पाच माणसं बसली की गाडी खड्ड्यात खाली टेकते. पगार झाला की बघू.

दिवाळीत परत कास. पूर्ण घाटात काटा निम्म्याच्या खाली. वर थांबल्यावर फॅन आपोआप लागला, आपोआप बंद झाला. ॲव्हरेज १५ वर आलंय. बटणाची वायर काढून टाकली, बटण मात्र ठेवलंय, नाहीतर डॅशबोर्डला भोक दिसतं. घाट लागला की आई अजून मागून विचारते, "दाबलंस का रं?"

दाबतो.