६ रोबॉटचं कडं जमवताना आलेला अनुभव

स्वार्म रोबॉटिक्सच्या (म्हणजे बरेच साधे रोबॉट मिळून एक काम करतात त्या) प्रोजेक्टसाठी मला सिम्युलेशनमध्ये १२ सारख्या रोबॉटची ६-६ ची दोन कडी करायची होती. कुठल्याच रोबॉटला स्वतःची जागा माहीत नाही, जवळ आलेल्याचं लेबल (तो सध्या कुठल्या अवस्थेत आहे ते सांगणारी खूण) तेवढं वाचता येतं. मी आधी सरळ कोऑर्डिनेट लिहून मोकळा झालो आणि दोन दिवस घालवल्यावर लक्षात आलं की अरे, यात शेवटचा आकार आहे पण तो घडणार कसा ते कुठेच नाही.

मग ग्राफ ग्रामरकडे वळलो. संशोधक एरिक क्लाविन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सेल्फ असेंब्लीसाठी, म्हणजे तुकडे आपले आपण जुळून आकार होण्यासाठी, वापरलंय. रोबॉट म्हणजे नोड (बिंदू), जोड म्हणजे एज (दोन बिंदूंमधली रेघ), आणि नियम सांगतो की असा तुकडा दिसला की त्याचा तसा करा. मी तीनच नियम लिहिले. दोन मोकळे भेटले की जोडायचे, एक होतो १ आणि दुसरा २. शेपटाला (साखळीतल्या शेवटच्या रोबॉटला) मोकळा भेटला की तो पुढचा आकडा घेतो आणि जुनं शेपूट 'आतला' होतं. ६ ला १ भेटला की कडं बंद.

कागदावर एकदम बरोबर वाटत होतं, पण रन केलं तर ४, ३, ३ आणि २ अशा साखळ्या होऊन सगळं ठप्प! मोकळा कुणी उरलाच नाही ना, वाढणार कशाने. म्हणून सुटायचा नियम घातला, अर्धवट साखळीचं शेपूट अधूनमधून सुटून परत मोकळं होतं, कडं पूर्ण झालं की लेबलंच बदलतात त्यामुळे ते तुटत नाही.

त्यानंतर जे झालं त्याने मला खरं शिकवलं. एका रनमध्ये चक्क १२ चं एकच कडं आलं, मी तासभर कोड चाळत बसलो, पण कोड बरोबरच होता, एका साखळीच्या ६ ला दुसऱ्या साखळीचा १ भेटला होता आणि माझ्या नियमाला ते चालत होतं!! 'हा माझ्याच साखळीतला १' हे मी लिहिलंच नव्हतं. मग नियमाच्या डाव्या बाजूला (म्हणजे 'असा तुकडा दिसला की' या भागात) नुसते ६ आणि १ न ठेवता १ ते ६ ची अख्खी साखळी लिहिली. खऱ्या रोबॉटमध्ये यासाठी साखळीभर मेसेज फिरवावा लागेल, म्हणजे हा नियम महाग आहे, पण निदान तो महाग आहे हे लिहिलेलं दिसतं तरी.

हार्वर्डच्या किलोबॉट नावाच्या छोट्या रोबॉटनी २०१४ मध्ये १,०२४ जणांचे आकार केले तेव्हा सुरुवातीला ४ सीड (जागा आधीच ठरलेले) रोबॉट ठेवले होते, बाकीचे त्यांच्यावरून जागा काढायचे. सीड ठेवला असता तर माझं काम कितीतरी सोपं झालं असतं, पण मला सगळे सारखेच हवे होते.

आता १३ टाकले तर दोन कडी होतात आणि एक मोकळा फिरतो, ते ठीकच आहे. १४ टाकले की मात्र उरलेले दोघं जोडतात, सुटतात, परत जोडतात आणि रन काही थांबत नाही. सध्या त्यावरच काम चालू आहे.