पपई मटणाला घाला, किडनीला नको

सध्या आमच्या सिंधुदुर्गात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. कच्च्या पपईतलं एन्झाइम साचलेलं प्रथिन कापतं, म्हणून डायबेटिसवाल्यांनी रोज रस घ्यावा, किडनी साफ होते. मी कुडाळला लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते, म्हणून मावशीने तो मलाच पाठवला. "ह्या खरा आसा काय गो?"

मावशी, अर्धं खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे. पपईच्या चिकात पपेन नावाचं हे एन्झाइम असतं. कच्च्या पपईचा गर चोळून ठेवला की निबर मटणही मऊ शिजतं, ती त्याचीच करामत. डायबेटिसने बिघडलेल्या किडनीत प्रथिन साचतं, हेही खोटं नाही. पण पपेन स्वतःच प्रथिन. खाल्लं की बहुतेक पचून जातं. किडनीपर्यंत पोचून तिथला गाळ कापणं त्याच्या नशिबात नाही.

तिथे कापायला किडनीची स्वतःची एन्झाइम असतात. एकेका किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक परत घेतात. गाळणीचा पडदा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या एका प्रकाराचा. जुनं कापायचं, नवं घालायचं, हे तिथे सतत चालू. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नवं जास्त बनतं, कापणाऱ्या एन्झाइमना लगाम घालणारी प्रथिनं वाढतात, आणि साखर चिकटून कोलॅजेनचे धागे एकमेकांत असे अडकतात की ते तुटता तुटत नाहीत. पडदा जाड होतो, केशवाहिन्यांच्या मधल्या जागेत थर चढतो. त्यातल्या गाठी किमेलस्टील आणि विल्सन या दोघांनी १९३६ सालीच लिहून ठेवल्यात.

गंमत म्हणजे जाड झालेली गाळणी जास्त गळते, प्रथिन लघवीत जातं, कारण पडद्याला बाहेरून धरून बसलेल्या पेशी गळून पडतात. आणि याच कापणाऱ्या एन्झाइमच्या कुटुंबातलं एमएमपी-९ नावाचं एन्झाइम नको तिथे वाढलं तर त्या पेशींनाच इजा करतं. तेव्हा 'कापणं वाढवा, किडनी सुटेल' हा हिशेब मुळातच चुकीचा.

उलट तुझ्या डब्यातली रॅमिप्रिलची गोळी काय करते? प्रथिनाचे लहान तुकडे कापणाऱ्या एका एन्झाइमला बंद पाडते. त्याने गाळणीतला दाब उतरतो, गळती कमी होते. साखरेसाठीची सिटाग्लिप्टिनसुद्धा असंच दुसरं एन्झाइम अडवते. मेसेजवाल्याला हे कोणी सांगावं?

माझं म्हणणं एवढंच, की रसापेक्षा लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण तपासून घ्या. अल्ब्युमिन म्हणजे गळून येणारं प्रथिन, क्रिएटिनिन म्हणजे किडनी एरवी बाहेर टाकते तो कचरा. "साखर बरी आसा मां, मगे लघयेची तपासणी कित्याक?" हा प्रश्न मला रोजचाच. कारण रक्तातलं क्रिएटिनिन बरंच नुकसान होईपर्यंत गप्प बसतं, आणि लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला सुरुवातीची गळती दिसतही नाही. प्रमाण (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) ३०च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, त्यापुढे जास्त. टाइप २ डायबेटिसवाल्यांनी ही तपासणी निदान झाल्यापासून दर वर्षी करावी. ताप असेल, लघवीला जळजळ असेल किंवा पाळी चालू असेल तर थांबा. आकडा वाढलेला आला तरी एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, तीन ते सहा महिन्यांत पुन्हा बघतात.

सकाळची पहिली लघवी आणा, आणि डबी आमच्याकडून न्या. कोकम सरबताची बाटली कितीही घासून आणली तरी मी घेत नाही.