गाईड ‘येस’ म्हणाला

अभ्यास सहलीत शिक्षक इतिहास शिकवतो, असं लोकांना वाटतं. माझा निम्मा जीव ई-व्हिसावरच्या नावांत असतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे आणि व्हिसावर गळलंय, की विमानतळावर रखडलात. उरलेला वेळ डोकी मोजण्यात आणि हॉटेलात ‘चाय, चाय’ करण्यात जातो. व्हिएतनामीत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी.

त्या दिवशी २१ पोरं घेऊन व्हिएतनाममधल्या कू चीला गेलो होतो. अमेरिकेविरुद्धच्या युद्धात गनिमी सैनिक इथे भुयारांत राहून लढले. कधीकाळी सुमारे २५० किलोमीटर पसरलेल्या भुयारांतला एक तुकडा पर्यटकांसाठी रुंद करून ठेवलाय. सगळे त्यात रांगायला धावतात. मला तिथली चूल आवडते. जमिनीखाली स्वयंपाक करायचा तर धूर लपवायचा कसा? तो एकापाठोपाठ एक खणलेल्या पोकळ्यांतून फिरवत न्यायचा. तिथे तो निवतो, विरतो आणि लांब कुठेतरी जमिनीलगत पातळ होऊन निघतो. रांधायचं पहाटे, म्हणजे धुक्यात मिसळून जातो. हे मी पोटतिडकीने सांगत होतो आणि पोरं उकडलेल्या टॅपिओकाला शेंगदाण्या-तिळाचं कूट लावून खात होती. “सर, साबुदाणा याचाच ना? मग उपासाला चालेल!” आमचे सहकारी सर तेवढ्यात पैसे मोजून एके-४७ च्या गोळ्या झाडायला गेले. त्यांचा अभ्यास एवढाच.

मग एका पोराने गाईडला विचारलं, “तुम्ही गनिमी कावा शिवाजी महाराजांकडून शिकलात ना?”

व्हिएतनामने महाराजांच्या गनिमी काव्यावर अमेरिकेला हरवलं, हा फॉरवर्ड प्रत्येक मराठी फोनमध्ये आहे. मी बरंच शोधलंय, मला त्याला एकही धड आधार सापडलेला नाही. साठीतला गाईड छान हसला. “येस, येस. ग्रेट किंग!” लगेच जंगलात महाराजांचा जयजयकार झाला. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर.

बसपाशी मी गाईडला बाजूला घेतलं. म्हणाला, तुमच्याकडचे पुष्कळ लोक हेच विचारतात. आधी मी ‘नाही’ म्हणायचो, त्यांची तोंडं पडायची. पाहुण्यांना कशाला दुखवायचं?

परतताना सायगाव नदीकाठी त्रान हुंग दाओ या जुन्या व्हिएतनामी सेनापतीचा पुतळा लागला. मी बस थांबवायला लावली. १२८८ साली बाख दांग नदीच्या तळात टोकदार मेखा रोवून, ओहोटी साधून यानं मंगोलांचं आरमार अडकवलं. त्याच्याही आधी, ९३८ मध्ये, न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनानीनं त्याच नदीत हीच युक्ती चिनी आरमारावर वापरली होती. १२८८ च्या लढाईतल्या मेखा हनोईच्या संग्रहालयात आपण पाहिल्या की, मी म्हटलं. पोरांना तिथला एसी तेवढा आठवत होता. “पण सर, गाईड तर तिथलाच माणूस आहे. तोच हो म्हणाला.”

स्थानिकांचं तोंडी कथन हे साधन मानावं, हे मीच वर्गात शिकवतो. ते कसं तपासावं यावरही एक तास घेतो; त्या तासाला हजेरी कमी असते.

आता प्राचार्यांना तो व्हिडिओ सहलीच्या अहवालात हवाय. दोन आठवडे मी अहवाल दाबून बसलोय. गाईडचं म्हणणं एका परिच्छेदात लिहून टाकावं, असं रोज ठरवतो. पण व्हिडिओत मागच्या रांगेत, चुलीच्या फलकाशेजारी मीही दिसतो. जयजयकार चालू आहे आणि माझाही हात वर आहे.