३०७

आमच्या हॉटेलात खोल्यांना नंबर नाहीत, नावं आहेत. पहाट, मध्यान्ह, कातरवेळ, तिन्हीसांजा. कातरवेळ आणि तिन्हीसांजा या खोल्या शेजारीशेजारी आहेत, आणि दोन्हींचा अर्थ एकच होतो हे नावं ठेवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. पाहुणे खूश असतात, पितळी अक्षरांचे फोटो काढतात. इमारतीवर पाटीसुद्धा नाही. गल्लीत दोन फेऱ्या मारून दार सापडलं की लोकांना काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं.

मी तिथे रात्रपाळीचा ड्यूटी मॅनेजर. मी, एक वॉचमन आणि झोपलेली इमारत. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण हॉटेलात तारीख बारा वाजता बदलत नाही, आम्ही ती बदलतो. तीनच्या सुमाराला नाइट ऑडिट. न आलेली बुकिंगं नो-शो करायची, प्रत्येक खोलीचं भाडं आणि कर बिलावर चढवायचे, मुक्कामी पाहुण्यांची यादी कागदावर छापायची (सिस्टिम बसली तर तेवढाच आधार), आणि मग दिवस बंद करायचा. हे बंद होणं एकदा मध्येच अडकलं होतं, तेव्हा सकाळी चाळीस बिलं मी हाताने दुरुस्त केली. तेव्हापासून ते संपेपर्यंत मी स्क्रीनसमोरून हलत नसे.

त्या रात्री तीन वाजून आठ मिनिटांनी फायर पॅनेल वाजलं. पडद्यावर ‘३०७, स्मोक’.

हे आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतं. खोल्यांत बाथरूमला भिंत नाही. पलंग, मग एक पायरी, पायरीवर टब आणि शॉवर. फोटोत फार छान दिसतं. पण धुराचा डिटेक्टर आत प्रकाशाचा किरण सोडून बसलेला असतो. धुराच्या कणांनी तो किरण विखुरला की ओरडतो. वाफेच्या थेंबांनीही तो तसाच विखुरतो. बिचाऱ्याला दोन्ही सारखेच. शॉवरजवळ उष्णतेचा डिटेक्टर लावा किंवा हा तरी लांब सरकवा, असं मी दोनदा लेखी दिलं. उत्तर आलं की छताची रचना बिघडेल. मालक प्रत्येक ट्रेनिंगमध्ये १९८४ सालच्या न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलची गोष्ट सांगतात: मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर, आपलं हे बुटीक, असं तिथल्या मालकांपैकी एक, स्टीव्ह रुबेल, याने म्हटलं आणि तो शब्द रूढ झाला. बुटीकमध्ये रात्री कुणी झोपत नाही, हे मात्र कुणी बोलत नाही.

तर मी बझर बंद केला. पहिला गजर फक्त काउंटरवर वाजतो, वर जाऊन खात्री करायला काही मिनिटं मिळतात. त्यातली चार मी दिवस बंद होण्याची वाट पाहण्यात घालवली. चार. नोंदीत आहे.

मग वर गेलो. पॅनेलमध्ये जुने नंबर आहेत, कारण नावं भरायला पॅनेलवाल्या कंपनीचा माणूस बोलवावा लागतो आणि त्याच्या फेरीचे पैसे पडतात. जिन्यापासून सातवं दार मोजलं: तिन्हीसांजा. ठोठावलं. एक गृहस्थ डोळे चोळत आले. आत वाफ नाही, धूर नाही. ‘‘माफ करा साहेब, अलार्म चुकून वाजला,’’ म्हणालो आणि खाली आलो. पॅनेल रीसेट केलं. लगेच पुन्हा ३०७.

तेव्हा कुठे खणातला जुना नकाशा काढला. दुरुस्तीत ३०३ आणि ३०४ फोडून एक खोली केली आहे. म्हणजे सातवं दार ३०८. ३०७ ही कातरवेळ.

पुन्हा वर. दाराला कान लावला तर पाण्याचा आवाज. तीनदा हाका मारल्या. मास्टर कार्डाला लाल दिवा, म्हणजे आतून लॅच लावलेला. तो फक्त इमर्जन्सी कार्डाने उघडतो, आणि ते सीलबंद पाकिटात, तिजोरीत, तळमजल्यावर. ते घेऊन, वॉचमनला बरोबर घेऊन दार उघडलं तेव्हा कुलपाच्या नोंदीप्रमाणे तीन एकोणतीस झाले होते.

खोली दुधासारखी पांढरी झालेली. बाई पायरीखाली पडलेल्या, सत्तरीच्या आसपास. पायरीचा दगड आणि खालचा दगड एकाच काळ्या रंगाचा, कड दिसतच नाही. शॉवर सोडून टॉवेल घ्यायला वळल्या आणि गेल्या. उजवा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं. खुब्याचं हाड मोडलं की पाय असा पडतो, हे प्रथमोपचाराच्या वर्गात शिकलो होतो. हलवायचं नाही. पाणी बंद केलं, अंगावर दुलई घातली, डोक्याशी बसून राहिलो. बाथरूममध्ये फोन नव्हता. साध्यातल्या साध्या हॉटेलात कमोडशेजारी भिंतीवर फोन असतो, लोक त्याला हसतात. तो नेमका याच वेळेसाठी असतो. आमच्याकडे टेबलावर डायल फिरवायचा जुना फोन आहे. शोभेचा नाही, चालतो. पण बाईंपासून पाच मीटरवर.

अँब्युलन्सला पाटी नसल्यामुळे हॉटेल सापडेना. वॉचमन कोपऱ्यावर टॉर्च हलवत उभा राहिला. सगळ्या रात्रीत चोख काम केलं ते त्यानेच.

वाट बघताना बाई म्हणाल्या, ‘‘मघाशी शेजारी तुम्हीच आला होतात ना?’’

मी हो म्हणालो.

‘‘माफ करा म्हणालात ते ऐकू आलं मला. मी हाक मारली. मग तुमची पावलं जिन्याकडे गेली.’’

आवाजात राग नव्हता. काय घडलं त्याचा क्रम जुळवून बघत होत्या, मी आता बघतोय तसा.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये पहिला अर्धा तास तिन्हीसांजातल्या गृहस्थांच्या झोपमोडीवर गेला. त्यांना एका रात्रीचं भाडं परत केलं. पायरीच्या कडेला पट्टी बसवायचं ठरलं. डिझायनरने निवडली ती गडद राखाडी. बाईंचं ऑपरेशन झालं, त्यांच्या मुलीने बॅग नेली, एवढंच कळलं. माझ्या चार मिनिटांबद्दल कुणी विचारलं नाही, कारण पॅनेलची नोंद कुणी काढलीच नाही. मी काढली. प्रिंट माझ्या लॉकरमध्ये आहे.

पॅनेलच्या झाकणावर मी जुने नंबर आणि नवी नावं असा हाताने लिहिलेला कागद चिकटवला आहे. काउंटरवरून दिसतो, बरा दिसत नाही, म्हणून दिवसपाळीवाले तो काढून खणात ठेवतात. रात्री अकराला आलो की मी परत चिकटवतो.