मोडी कागद हाती आला की आधी पाठ बघा

घरात वतनाचा मोडी कागद सापडला की लोक मजकूर वाचायच्या मागे लागतात. आधी कागद उलटा करा. लांब कागद म्हणजे एकाखाली एक डकवलेले बंद. मधला बंद बदलता येऊ नये म्हणून मागून जोडावर शिक्का मारायचे: अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. पाच बंदांना चार जोड. तीन जोडांवर शिक्का आणि चौथा कोरा, तर तिथला बंद नंतरचा असू शकतो. डिंक सुटून पुन्हा चिकटवलेला जोड मात्र थोडा सरकतो, तेवढ्यावरून खोटा ठरवू नका. मोबाईलवर फक्त दर्शनी बाजूचा फोटो पाठवणाऱ्यांना म्हणूनच काही सांगता येत नाही.

मग मोर्तब, म्हणजे पत्राच्या शेवटचा शिक्का. मुद्रा हुकमाची, मोर्तब मजकूर संपल्याची. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. मोर्तबाखाली ‘रुजू’, ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे दफ्तरी शेरे चालतात. पण जमिनीचा एखादा जादा बिघा तिथे अवतरला, तर तो नंतर घुसडलेला समजा.

शिक्का खोदून घेता येतो, सन जुळवणे अवघड. शुहूर सन म्हणजे जुन्या कागदांतली अरबी शब्दांत लिहिलेली कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण वर्ष मृगाला बदलते. ‘इसन्ने सबैन व अलफ’ म्हणजे १०७२, अर्थात जून १६७१ ते जून १६७२. त्याच कागदावर राज्याभिषेक शक असेल तर तो बनावट, कारण राज्याभिषेक १६७४ चा. कागद उजेडासमोर धरा. पाणचिन्हात विलायती गिरणीचे साल दिसले, तर त्याआधीची तारीख असलेला मजकूर फार तर नक्कल.

नक्कल म्हणजे लबाडी नव्हे. तालिकेवर, म्हणजे दफ्तरी नकलेवर, शिक्क्याच्या जागी नुसते ‘शिक्का’ लिहिलेले असते. गावच्या महजरावर (गावसभेच्या निवाड्याच्या कागदावर) तर सह्यांऐवजी निशाण्याच: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. फरक कोर्टात पडतो: ३० वर्षांहून जुना मूळ कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही आणि अक्षर खरे धरता येते. नकलेला ही सवलत नाही.

कागद लॅमिनेट करू नका. शिक्क्यावर ओले फडके फिरवू नका, शाई काजळीची असते. पुसट शिक्का वाचायला बॅटरी तिरकी धरा.