संमेलनातला भिजलेला काऊ
आमच्या बालवाडीचं संमेलन दरवर्षी संक्रांतीनंतर व्हायचं. आवारात मांडव, मुलांना सतरंज्या, पालकांना खुर्च्या. गाणी, नाच, वेशभूषा सगळं असायचं, पण माझा जीव मोठ्या गटाच्या चिऊ-काऊच्या नाटुकल्यात अडकलेला असे.

गोष्ट घराघरातली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पावसात काऊचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो आणि चिऊताई आतून म्हणत राहते, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते", "थांब, तीट लावते". संवाद आम्ही लिहून देत नसू. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं. आमच्या मोठ्या बाई त्याच विचारांच्या. घोकून घेतलेलं वाक्य मुलाचं नसतं, असं त्या म्हणत. त्यामुळे तालमीत मुलं बोलतील तेच नाटक.

आज जी चिऊ, तीच उद्या काऊ. हा एवढाच आमचा नियम, आणि सगळी किमया त्यातच होती. चार-पाच वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही चाललेलं असतं, हे नुकतंच उमगू लागलेलं असतं. "दुसऱ्याचा विचार करावा" असं त्याला कितीही सांगा, ते पोचत नाही. पण बंद दाराबाहेर उभं राहून हाका मारल्या, की दुसऱ्या दिवशी चिऊ झाल्यावर त्याच्याच्यानं "थांब" म्हणवत नाही. न बोलणारी मुलं पाऊस व्हायची. सुपात तांदूळ घोळवून ती असा पाऊस पाडत, की सतरंजीवरची शिशुगटाची पोरं "उघड की गं!" म्हणून ओरडायची.

सगळे काऊच्याच बाजूचे असत असंही नाही. एका वर्षी एक मुलगी दारामागे अडून बसली. दार उघडलं तर बाळाला गार वारा लागेल, म्हणाली. खरंच होतं ते! चिऊ दुष्ट नाही, तिच्या हातात बाळ आहे. मग मुलांनीच तोड काढली: काऊनं आत यायचं, अंग पुसायचं आणि बाळाला धरायचं, म्हणजे चिऊला तीट लावता येईल. गोष्टीत काऊ तापलेल्या तव्यावर बसतो, तेही मुलांना कधी पटलं नाही. "तिथे नको, भाजेल," असं कुणीतरी म्हणायचंच.

काही पालकांना वाटे, मुलं गोष्ट विसरली. एकदा पहिल्याच हाकेला दार उघडलं, तर पुढे बसलेल्या एका आजींना राहवेना. "अगं, बाळाची अंघोळ राहिली, तीट राहिली!" त्या बसल्या जागेवरून सांगू लागल्या. चिऊताई काऊला हाताला धरून आत ओढत होती. तिनं मागे वळून ठणकावलं, "आजी, तो भिजतोय ना!"