आमची वाटचाल : परत आलेले चाळीस पॅक

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले अण्णा आमच्या बॅटरी पॅकचं पहिलं गिऱ्हाईक. मागांची मोजणी ठेवायला त्यांनी रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, बसवला होता. लाईट गेली की सकाळपासूनचा हिशेब जायचा. दोनदा तर एसडी कार्डच खराब झालं. पॉवर बँक लावून पाहिली, पण चार्जर चालू-बंद होताना तिचा पुरवठा क्षणभर तुटायचा आणि पाय रीस्टार्ट व्हायचा. मग मी आणि माझ्या मेव्हण्यांनी १८६५० सेल (चार्ज होणारे गोल लिथियम सेल) आणि बूस्ट कन्व्हर्टरचा (सेलचं व्होल्टेज वाढवून देणाऱ्या सर्किटचा) बोर्ड बनवला. बॅटरी उतरत आली की तो पायला कळवायचा आणि पाय स्वतःहून नीट बंद व्हायचा. हे आमचं डिझाइन, कुणाची नक्कल नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली.

२०१९ मध्ये रास्पबेरी पायचं पुढचं मॉडेल, पाय ४, आलं. त्याला ५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉट लागतात. सेल साडेतीन व्होल्टवर आला की बूस्टचा तोटा धरून त्याच्यातून ५ अँपिअर ओढले जातात. नवे सेल मागवले, वर क्षमता छापली होती ३००० एमएएच. पुढे ऐन मे महिन्यात चाळीस पॅक परत आले. सगळीकडे स्क्रीनवर एकच तक्रार, कमी व्होल्टेजचा इशारा देणारं विजेचं चिन्ह: व्होल्टेज ४.६३ च्या खाली. सेलचा विक्रेता म्हणाला, "दोष तुमच्या बोर्डात आहे." आमचे दोन डीलर त्याच्यावर विश्वास ठेवून तुटले, हे मी विसरलो नाही.

मेव्हणे तीन रात्री टेस्टरसमोर बसले. एकेक सेल चार्ज, डिस्चार्ज. आकडा नऊशेच्या पुढे जाईना. जुन्या सेलवर नवीन प्लास्टिक चढवलेलं होतं. शेवटी सोनाराकडचा छोटा काटा आणला: चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, हे चौतीस-पस्तीस भरत होते. तेव्हापासून काट्यावर चढल्याशिवाय एकही सेल आमच्याकडे पॅकमध्ये जात नाही. तुम्हीही छापील आकड्यावर जाऊ नका, आणि बारीक यूएसबी केबल तर वापरूच नका. निम्म्या तक्रारी केबलच्याच असतात.

विक्रेत्यानं एक रुपया परत केला नाही. दुकान बंद करायचं ठरत आलं होतं. अण्णांचेही सहा पॅक त्यात होते. ते दुकानात आले, काट्यावर स्वतः दोन सेल ठेवून पाहिले आणि म्हणाले, "नवीन सेल घाला. पैसे आत्ता घ्या, पॅक सावकाश द्या."

ते सहा पॅक आम्ही आठ दिवसांत दिले.